उंदरांनी खाल्लेली तार

"प्रकाश?" एल्बिओ बारबातने पिठाचे हात एप्रनला पुसत विचारलं. "म्हणजे इथून पुढे माझ्या गिऱ्हाइकाचा आवाज प्रकाशातून येणार?"

"काचेच्या तारेतून," त्याची बायको निबिया म्हणाली. "केसाएवढी बारीक तार असते. त्यातून प्रकाश जातो आणि प्रकाशातून आवाज. कंपनीच्या बाईने मला सगळं नीट समजावून सांगितलं फोनवर."

"कुठल्या फोनवर?"

"ह्याच. तांब्याच्या."

"म्हणजे काचेची तार तुला तांब्याच्या तारेवरून समजली. मग तांब्याची चांगलीच चालतेय की!"

निबियाने हात टेकले. सांता एलोइसा गावच्या चौकातली सगळी दुकानं केव्हाच फायबरवर गेली होती. औषधवाल्या लिलियानने सगळ्यात आधी घेतलं, मग न्हाव्याने, मग अंत्यविधीचं सामान विकणाऱ्यांनीसुद्धा. त्यांच्या गिऱ्हाइकांना कसली घाई असते देव जाणे. उरला होता तो एल्बिओचा ताज्या पास्त्याचा कारखाना. कारखाना आपला म्हणायचा. पुढे काउंटर, मागे कणीक मळायचं एक धडधडणारं मशीन, त्यामागे बोळ, आणि अंगण ओलांडलं की सासूबाईंचं घर. कंपनीने दोनदा कळवलं की तुमच्या गल्लीतली तांब्याची लाइन आम्ही बंद करतोय. दोन्ही वेळा एल्बिओने "बघू" म्हणून सोडून दिलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही, तारीख देऊन टाकली. अठ्ठावीस.

एल्बिओचा प्रकाशाशी काही वाद नव्हता. त्याचा जीव अडकला होता एकोणतीस तारखेत.

दर महिन्याच्या एकोणतीस तारखेला आख्खं उरुग्वे न्योक्या खातं. बटाटा आणि मैद्याच्या, बोराएवढ्या, वर टोमॅटोचा रस्सा. ताटाखाली एक नोट ठेवायची, न्योक्या खायच्या, की पुढचा महिना भरभराटीचा जातो म्हणतात. खाणाऱ्यांचा जातो की नाही माहीत नाही, एल्बिओचा मात्र जायचा. त्या दिवशी सकाळपासून दुकानातला फोन वाजायला लागायचा तो दुपारपर्यंत थांबायचा नाही. दुकानाचा नंबर गावातल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ व्हायचा. निबिया म्हणे, मोबाइलवर ऑर्डरी घेऊ, कार्डाचं मशीन आणू. पण गावाला सवय होती ती नंबर फिरवून "एल्बिओ, नेहमीचंच" म्हणायची.

आणि आता हमरस्त्यावर सुपरमार्केट झालं होतं. तिथे बर्फात गोठवलेल्या न्योक्या पिशवीतून मिळायच्या. गाव अजून त्यांना नाकं मुरडत होतं, पण एल्बिओला गाव ठाऊक होतं. एका एकोणतीस तारखेला फोन लागला नाही, लोकांनी ती पिशवी आणून खाल्ली आणि कोणी मेलं नाही, की संपलं. दुसऱ्यांदा खाताना जीभ लाजत नाही.

"एकोणतीस तारखेला माझा फोन वाजला नाही ना, तर दुकानाला कुलूप लाव आणि मला त्या सुपरमार्केटात ट्रॉल्या ढकलायला पाठव," तो निबियाला म्हणाला. हे तो गमतीने म्हणाला नव्हता.

आता सासूबाईंचं सांगायला हवं. दुकान मूळचं त्यांच्या नवऱ्याचं, डॉन कायेतानोचं; डॉन म्हणजे राव, डोन्या म्हणजे बाई. त्यांनी हौसेने दुकानाच्या लाइनीला फाटा काढून अंगणापलीकडे आपल्या स्वयंपाकघरात एक काळा फोन बसवला होता. कायेतानो गेले आणि सासूबाईंनी, डोन्या ओफेलियांनी, त्या फोनलाच संसार मानलं. घंटा दोन्हीकडे वाजायची, पण त्यांचा हात आधी पोचायचा. एकोणतीस तारखेला एल्बिओ पुढे रिसीव्हर उचलायचा तर आत सासूबाई कुणाच्या तरी सुनेच्या बाळंतपणात शिरलेल्या असायच्या. ऑर्डर राहायची बाजूला. तेव्हा एकदा, सासूबाई माँतेविदेओला बहिणीकडे गेलेल्या असताना, एल्बिओ बोळात स्टुलावर चढला, भिंतीवरची छोटी पेटी उघडली आणि मागे जाणारी तार कात्रीने कापून टाकली. टोकं लोंबकळताना वाईट दिसतात म्हणून हाताशी असलेल्या दुकानच्या लाल-पांढऱ्या दोऱ्याने ती बांधूनही टाकली. गाठ सवयीने मारली गेली, तीच जी तो रोज पुडक्यांवर मारायचा. दोन फासांची आणि बाजूला एक इवलंसं शेपूट. वाटेत कधी सुटायची नाही, घरी एका झटक्यात सुटायची.

सासूबाई परत आल्या. फोन मुका.

"उंदरांनी खाल्ली तार," एल्बिओ म्हणाला. "जुनी झाली होती, काय करणार!"

"अरेरे," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोनवर विणलेला रुमाल घातला. निबियाने मोबाइल आणून दिला, तो त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला. "त्यात माणसं फार लांबून बोलतात," म्हणाल्या. निबियाने उंदरांचा बंदोबस्त म्हणून मांजर आणलं. त्याचं नाव मिनिस्त्रो ठेवलं, म्हणजे मंत्री. तेव्हापासून मिनिस्त्रो चीजच्या कडा खाऊन गलेलठ्ठ होत चालला होता. त्याने कधी उंदीर पकडला नव्हता, आणि त्याबद्दल एल्बिओने त्याला कधी बोल लावला नव्हता.

अठ्ठावीस तारखेला पाऊस आला. आमच्याकडे पाऊस आला की पोरं शाळेत जात नाहीत, गवंडी कामावर जात नाहीत, घरोघरी लोक तोर्ता फ्रिता, म्हणजे मैद्याच्या जाड पुऱ्या, तळत बसतात आणि खिडकीतून आभाळाला शिव्या देतात, बऱ्यापैकी प्रेमाने. कंपनीचा माणूस आला नाही. एल्बिओला इतका आनंद झाला की त्याने स्वतः तोर्ता तळल्या.

एकोणतीस तारखेला लख्ख ऊन पडलं आणि सकाळी दारात कंपनीची गाडी उभी राहिली. त्यातून वॉशिंग्टन पेरदोमो उतरला. उजव्या हातात शिडी, डाव्या काखेत माटेचा, म्हणजे इथल्या कडवट चहाचा, थर्मास, बोटांत माटेचा पेला. उरुग्वेच्या माणसाला एकच हात कामाला मोकळा असतो, दुसऱ्या काखेतला थर्मास तो झोपतानाच काय तो काढत असेल.

"आज?" एल्बिओ किंचाळला. "अरे वॉशिंग्टन, आज एकोणतीस!"

"काल पाऊस होता, डॉन एल्बिओ."

एल्बिओने वर निरभ्र आभाळाकडे रागाने पाहिलं.

"मग उद्या ये."

"उद्यापासून मी दोलोरेस गावात कामाला. आणि आज गल्लीतलं तांबं बंद होतंय. मग महिनाभर ना तांबं, ना काच." वॉशिंग्टनने शांतपणे माटेचा घोट घेतला. "घाबरू नका हो. तासाभराचं काम."

उकडलेल्या बटाट्यांचा ढीग वाफाळत होता. बटाट्याची कणीक वाट बघत नाही. वेळेवर मळली, कापली, विकली तर ठीक, नाहीतर पाणी सुटून लगदा होतो. एल्बिओने मशीन सुरू केलं आणि कोपरापर्यंत हात त्यात घातले. बोळात वॉशिंग्टन शिडीवर चढला, थर्मासासकट. शिडीखाली डोन्या ओफेलिया खुर्ची टाकून बसल्या. त्यांना माटेला सोबत हवीच होती.

थोड्या वेळाने बोळातून हाक आली. "डॉन एल्बिओ! इथे आत जाणाऱ्या दोन तारा आहेत! फोनला कुठली जाते?"

मशीन धडधडत होतं. एल्बिओला फक्त "फोनला" एवढंच ऐकू आलं.

"सासूबाईंना विचार!" तो ओरडला. "मला हात नाहीत!"

 मग डोन्या ओफेलियांचं हसू ऐकू आलं. चांगलं मोठ्याने, पोट धरून हसल्यासारखं. एल्बिओला बरं वाटलं. म्हातारीला करमणूक झाली म्हणायची.

शेवटी वॉशिंग्टन दुकानात आला, मोबाइलवरून दुकानाचा नंबर लावला आणि म्हणाला, "ऐका." मशीनच्या आवाजातून कुठेतरी घंटा वाजली. एल्बिओने पिठाळ अंगठा वर केला. भिंतीवर नवीन पांढऱ्या डबीत हिरवा दिवा मिचमिचत होता. वॉशिंग्टन निघाला. तो जाताच डोन्या ओफेलिया दारात येऊन म्हणाल्या, "एल्बिओ, आज माझा गुडघा फार धरलाय रे. न्योक्या वळायला यायला जमेलसं वाटत नाही."

"अजिबात येऊ नका!" एल्बिओ आनंदाने म्हणाला. "पाय वर करून पडून राहा!"

आणि मग फोन वाजेना.

पहिल्यांदा एल्बिओने मनावर घेतलं नाही. लोक उठत असतील, चहापाणी करत असतील. निबिया एकीकडे काट्याच्या दात्यांवरून न्योक्या वळत होती. ट्रे भरत चालले. नेहमी या वेळेला एल्बिओचा एक कान फोनला चिकटलेला असायचा. त्याने मशीन बंद केलं, म्हणजे घंटा ऐकू येईल. शांतता. मिनिस्त्रोचं घोरणं तेवढं ऐकू येत होतं.

त्याने रिसीव्हर उचलला. आत काहीच नाही, खरखरसुद्धा नाही.

"बरोबर आहे," तो स्वतःशीच म्हणाला. "प्रकाशाला कुठला आवाज?"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" निबिया म्हणाली. "फोन बंद आहे हा! थांब, मी माझ्या मोबाइलवरून लावून बघते." तिने दुकानाचा नंबर लावला. कानाला लावून ऐकलं. कपाळाला आठी पडली. "एंगेज येतोय."

"एंगेज? कोणाशी बोलतोय तो?"

"मला काय माहीत!"

परत लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. समोर फोन खाली ठेवलेला, मुका, आणि गावाला मात्र एंगेज.  त्याच्या डोळ्यासमोर सगळं गाव हमरस्त्याकडे पिशव्या घेऊन चालू लागलं.

"वॉशिंग्टनला लाव! त्याचा नंबर आहे ना?"

निबियाने नंबर लावला. आणि दुकानात घंटा वाजली! एल्बिओने उडीच मारली. रिसीव्हर उचलला, घंटा थांबेना. आवाज मैद्याच्या पोत्यावरून येत होता. तिथे पिठात अर्धा बुडालेला एक मोबाइल थरथरत होता. एल्बिओने तो झडप घालून कानाला लावला.

"हॅलो, ताजा पास्ता! किती किलो?"

"अरे जाड्या, मी बोलतेय," निबिया म्हणाली. "तुझ्या मागे उभी आहे."

वॉशिंग्टन मोबाइल विसरून गेला होता. थर्मास नव्हता विसरला.

मग कंपनीला फोन झाला. कंपनीने गाणं ऐकवलं, एक दाबा म्हणाली, दोन दाबा म्हणाली, पुन्हा तेच गाणं ऐकवलं. शेवटी एका मुलीने विचारलं, "डबीवर हिरवा दिवा आहे का?" आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "मग तुमचं सगळं उत्तम आहे, आणखी काही मदत करू का?" एल्बिओने जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तो काउंटरवर कोपरं टेकून बसला. ट्रेमध्ये न्योक्या रांगेत पडल्या होत्या, शाळेच्या पटांगणातल्या पोरांसारख्या, कोणी न्यायला येईना म्हणून हिरमुसलेल्या. "इतकी वर्षं," तो म्हणाला.  "कायेतानोने दिलेलं दुकान. एकाही एकोणतीस तारखेला या गावातलं एकही ताट मी रिकामं ठेवलं नाही ग. आणि आज एका केसाएवढ्या तारेने..."

निबियाला हसू आलं होतं ते तिने गिळलं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, पांढरा पंजा उमटला.

तेवढ्यात दार उघडलं. न्हावी रोखेलिओ आत आला. "झाल्या का माझ्या न्योक्या? आता ये म्हणाली होती."

"कोण म्हणाली होती?"

"फोनवरची. नवीन बाई ठेवलीस वाटतं? काय बोलते रे! दोन किलो म्हटलं तर म्हणाली, तुला दोन कशाला, तुझी बहीण मेर्सेदेसला गेलीय ना, दीड पुरेत. मग म्हणाली, आवाज बसलाय तुझा, मध घे."

एल्बिओने गोंधळून दीड किलो बांधून दिलं. रोखेलिओ पुडकं घेऊन गेला. मग औषधवाली लिलियान आली. "एल्बिओ, फायबर घेतलंस ते फारच छान केलंस! माझ्याकडे नुसतं इंटरनेट आलं, तुला बोलणारं मशीन पण दिलं?"

"बोलणारं मशीन?"

"मग काय! आजकाल फोनवर मशीनच बोलतं सगळीकडे. पण हे तुझं भारी आहे हं. बँकेचं नुसतं एक दाबा, दोन दाबा करतं. ह्याने माझ्या पित्ताच्या खड्यांची चौकशी केली."

लिलियान गेली. एल्बिओचे डोळे मोठे झाले. "निबिया! कंपनीने लाइनीत मशीन बसवलंय! तेच फोन घेतंय. म्हणून आपल्याकडे वाजत नाही, म्हणून एंगेज!"

"आणि मशीनला लिलियानच्या पित्ताचं कसं कळलं?"

"तारेतून सगळं कळतं त्यांना! मी सांगत होतो की नाही, तांबं बरं! तांबं कुणाच्या पित्तात जात नव्हतं!"

आता रीघ लागली. शिक्षिका मिर्ता आली, तिला मशीनने सांगितलं होतं की रस्सा आज फुकट, डॉन कायेतानोच्या वेळी असायचा तसा. पोस्टातला उबाल्दो आला, त्याच्याकडून मशीनने आईला फोन करायचं वचन घेतलं होतं. "आणि मशीन रडलं हो," उबाल्दो हळवा होऊन म्हणाला, "मी बाबांचं बोललो तेव्हा."

एल्बिओ पुडकी बांधत होता, दोन फास, एक शेपूट, दोन फास, एक शेपूट, आणि मनात त्याचा रागही चढत होता आणि अभिमानही. मशीन विक्री कमी करतं, दीड किलोवर आणतं, रस्सा फुकट वाटतं. पण गावात कुणाच्या मशीनला रडता येतं?

"माझ्या सासऱ्यांच्या वेळचा रस्सा फुकट होता हे मशीनला कोणी सांगितलं?" तो एकदम थांबून म्हणाला.

 निबिया काटा खाली ठेवून बोळातून मागे निघाली होती. एल्बिओ तिच्यामागून धावला. अंगण ओलांडलं, स्वयंपाकघराचं दार ढकललं.

विणलेला रुमाल घडी करून बाजूला ठेवला होता. डोन्या ओफेलिया केस नीट बसवून, ओठांना रंग लावून, दोन्ही पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. मांडीत माटेचा पेला, कानाला काळा फोन.

"...आणि दुसरी मुलगी? अगबाई, परत आली का? मग अडीच किलो घे, रडून भूक लागते. हो, एल्बिओ स्वतः आणून देईल." त्यांनी दारात उभ्या असलेल्या जावयाला पाहिलं आणि बोटाने गप्प राहायची खूण केली. "नाही ग, त्याला कसला त्रास? त्याला चालायलाच हवं, पोट पाहिलंस का त्याचं?"

त्यांनी फोन ठेवला.

"सासूबाई!" एल्बिओ ओरडला.

"वाजला, म्हणून उचलला," त्या म्हणाल्या. "वाजत्या फोनला काय तसंच ठेवायचं?"

"अहो, पण मला सांगायचं तरी! मी तिकडे पुढे मरतोय!"

"तूच म्हणालास, येऊ नका, पाय वर करून पडून राहा. मी तुझं ऐकलं."

निबिया भिंतीला टेकून हसत होती, डोळे पुसत होती, पुन्हा हसत होती.

"आणि घरपोच?" एल्बिओ म्हणाला. "आपण घरपोच देत नाही! किती जणांना सांगितलंत?"

"फार नाही रे. ज्यांचे गुडघे दुखतात तेवढ्यांनाच."

"म्हणजे सगळ्या गावाला!"

फोन पुन्हा वाजला. डोन्या ओफेलियांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "हॅलो? सांग राजा."

त्या सगळ्या ऑर्डरी कुठे लिहिल्या होत्या विचारलं तर त्यांना राग आला. लिहायच्या कशाला? ज्याला ज्या घरात काय चाललंय ते माहीत आहे, त्याला त्या घराला किती न्योक्या लागतात ते माहीत असतंच. त्या बसल्या जागेवरून हाका मारत गेल्या, निबिया पुडकी लावत गेली. कणीक संपली. एल्बिओने दुसरी मळली. बटाटे संपले, शेजारून आणले. त्या गडबडीत वॉशिंग्टन मोबाइल शोधत परत आला, आणि एल्बिओने त्याची कॉलर धरली.

"तू! कुठली तार जोडलीस तू?"

"तुम्हीच म्हणालात, सासूबाईंना विचार," वॉशिंग्टन थर्मास घट्ट धरून म्हणाला. "मी विचारलं. त्या म्हणाल्या, ही जाते फोनला. जातेच की हो! तिचा तुटका तुकडा काढून मी नवीन जोड दिला."

 वॉशिंग्टनला दंड म्हणून गाडीसकट कामाला लावलं. कंपनीच्या गाडीतून, डोक्यावर शिडी आणि मांडीवर न्योक्यांची पुडकी घेऊन, एल्बिओ गावभर फिरला. प्रत्येक दारात त्याला थांबवून घेतलं. कोणी त्याच्या पोटाची चौकशी केली, कोणी पेलाभर वाइन पाजली. ज्या घरांत इतकी वर्षं त्याची पुडकी गेली होती ती घरं त्याने पहिल्यांदाच आतून पाहिली. घरी येईपर्यंत त्याचे पाय दुखत होते आणि तोंडही, हसून. दुसऱ्या दिवशी म्हणे कंपनीच्या कचेरीत चार जण चौकशीला गेले, फायबर घेतलं की न्योक्या कंपनी पाठवते का.

दुपार पार कलली तेव्हा कारखान्याचं शटर खाली आलं. ट्रे रिकामे होते, सगळेच्या सगळे. अशी एकोणतीस तारीख कायेतानोच्या वेळीही झाली नसेल. डोन्या ओफेलियांनी अंगणात टेबल मांडलं होतं, स्वतः, दुखऱ्या गुडघ्यासकट. चार ताटं, कारण वॉशिंग्टनला आता सोडणं बरं दिसलं नसतं. पांढरा टेबलक्लॉथ, मध्ये रश्शाचं भांडं, टेबलाखाली मिनिस्त्रो.

"जेवण झालं की पुढच्या फोनची तार जोडून देतो," वॉशिंग्टन म्हणाला. "पाच मिनिटांचं काम. ही मागची काढू का मग?"

डोन्या ओफेलिया रस्सा वाढत होत्या. त्यांचा हात किंचित थांबला. एल्बिओने ते पाहिलं. त्याच्या पोटात दिवसभराची वाइन होती आणि डोळ्यांसमोर रिकामे ट्रे होते, आणि त्याला एकदम सगळ्या जगाबद्दल माया दाटून आली.

"काढायची नाही," तो म्हणाला. "दोन्ही राहू देत. पण एकोणतीस तारखेला फोन सासूबाईच घेतील. ऐकलंत का, सासूबाई? फोन तुमचा." मग त्याला आणखी मोठ्या मनाने बोलावंसं वाटलं. "बिचाऱ्यांनी किती वर्षं काढली रे वॉशिंग्टन, फोनवाचून! काय करणार, उंदरांनी तार खाल्ली. मेल्यांना दुसरं काही मिळालं नाही."

"चांगला आहेस रे तू, एल्बिओ," डोन्या ओफेलिया म्हणाल्या आणि त्यांनी त्याला दोन चमचे न्योक्या जास्त वाढल्या. "नोट ठेव ताटाखाली. गार होतंय."

एल्बिओने खिशातून नोट काढली, ताट थोडंसं उचललं आणि तसाच राहिला.

ताटाखाली आधीच काहीतरी होतं. बोटभर लांबीचा तारेचा तुकडा. आतलं तांबं कात्रीने साफ कापलेलं, आणि त्याभोवती धूळ खाऊन मळलेला, तरी ओळखू येणारा लाल-पांढरा दोरा. दोन फास, बाजूला एक इवलंसं शेपूट.

निबियाने वाकून पाहिलं. तिने गाठीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ टेबलाखाली मिनिस्त्रोकडे पाहत राहिली.

"आपल्याकडचे उंदीर," डोन्या ओफेलिया खुर्चीत टेकत, नॅपकिन मांडीवर पसरत म्हणाल्या, "गाठ मात्र फार सुबक मारतात."

मागे स्वयंपाकघरात फोन वाजायला लागला. एल्बिओ ताडकन उठला.

"बसा तुम्ही, सासूबाई," तो म्हणाला. "मी फोन इकडे आणून देतो."